कोपऱ्यातल्या सात नळ्या

१

सात नळ्या पांढऱ्या पडल्या होत्या. बाकीच्या एकवीस अजून निळ्याच होत्या, आणि घड्याळात दोन तासही पुरे झाले नव्हते.

"पुन्हा धनगरवाडा," ढमाले साहेब म्हणाले आणि त्यांनी रजिस्टर ओढलं.

लीलाबाई मोरीपाशी नळ्या घासत बसली होती. तिचा हात थांबला. पौडच्या दूध केंद्रात नळ्या धुण्याच्या कामाला लागून तिला दीड वर्ष झालं होतं. शाळेची पायरी ती चढली नव्हती, पण वाण्याच्या पुड्यांचे कागद वाचून वाचून अक्षरं आली होती, आणि आकडे तर बाजारानं शिकवलेच होते. परीक्षा कशी होते हे तिला साहेबांइतकंच ठाऊक होतं. फक्त तिला कुणी विचारत नसे, त्यामुळे ते सिद्ध व्हायचा प्रश्न येत नव्हता.

परीक्षा साधी होती. नळीत दूध घ्यायचं, त्यात निळं औषध घालायचं, बूच लावायचं आणि नळी सदतीस अंशाच्या पाण्यात ठेवून द्यायची. दूध चांगलं असेल तर निळा रंग तीन-चार तास टिकतो. जंतू माजले असतील तर रंग उडतो. दोन तासांच्या आत उडाला तर दूध नापास.

ते सदतीस अंशाचं पाणी ज्यात असे तो तांब्याचा, दुहेरी भिंतीचा हौद हे केंद्राचं मोठं वैभव होतं. साहेब त्याला 'बाथ' म्हणत. दाराकडच्या कोपऱ्यात तळाशी विजेची कांडी होती, ती पाणी तापवी. खिडकीच्या बाजूला उष्णतामापक बुडवलेला होता, आणि त्याच्याच शेजारी थर्मोस्टॅट: पाणी सदतीसावर पोचलं की तो कांडी बंद करी, निवलं की चालू करी. मध्ये पाणी ढवळणारा एवढासा पंखा, त्याची मोटर वर पत्र्याच्या डब्यात. आणि या सगळ्यावर झाकण, कारण या औषधाला उजेड सोसत नाही.

"सलग तीन सोमवार नापास म्हणजे नाव कमी," साहेब म्हणाले. "हा दुसरा. नियम मी केलेला नाही, लीलाबाई."

"मी कुटं काय म्हनले?"

"तुम्ही नळी घासायची थांबलात."

ती पुन्हा घासू लागली. पण मघाशी झाकण पुसून ठेवताना तिला एक गोष्ट दिसली होती. झाकणाला आतून तीन कोपऱ्यांत नुसता ओलसर धुरकटपणा होता. चौथ्या कोपऱ्यातून मात्र थेंब टपटप गळत होते. आणि वाड्याच्या सात नळ्या त्याच कोपऱ्यात बसत असत.

२

तानुबाई दुसऱ्या दिवशी आली ती तडक मोरीपाशीच. साहेबांपुढं जायची तिची छाती नव्हती. कोळवणच्या वरच्या डोंगरावर सात घरांचा धनगरवाडा, त्यातली ही म्हातारी. म्हातारी म्हणजे पन्नाशीची. डोंगर उतरून चढून माणूस लवकर पिकतं.

"लीलाबाय, आमचं दूद वंगाळ हाय व्हय?"

"तूच सांग."

"माझ्या म्हशीचं दूद माझी नातवंडं पित्यात. वंगाळ आसतं तर आधी ती आडवी झाली आसती." तिनं पदरानं तोंड पुसलं. "आगं, बाकीची सा घरं नगं म्हनत व्हती. आपलं लोनी बरं, तूप बरं म्हनत व्हती. माझ्या सबदावर खाली उतरली. आता नाव कापलं तर मी वाड्यात कुन्या तोंडानं ऱ्हाऊ? आन् घोटावड्याचा हैबतराव म्हनतोय, म्हशी मला द्या, डोंगरावर काय करता त्यांचं."

हैबतराव म्हणजे दूध सोसायटीचे चेअरमन. घोटावड्याचं दूध त्यांच्याच जीपमधून सगळ्यांच्या आधी येई आणि त्यांच्या नळ्या सगळ्यांच्या आधी, खिडकीजवळ बसत. वाड्याचं दूध भिवाजी नावाच्या गड्याच्या खांद्यावरनं कोळवणात, तिथनं एस.टी.च्या टपावरनं पौडात, म्हणून ते शेवटी. शेवटी येणाऱ्यानं शेवटी बसायचं. पंगतीत असतं तसंच पाण्यातही.

"पयला महिना तर पास व्हतं तुमचं," लीलाबाई म्हणाली. "मंग काय झालं?"

"काय न्हाई गं. भिवाजीला हिवताप आला म्हून त्या सोमवारी मीच आले व्हते कॅन घिऊन. पयल्यांदाच बघितला तुमचा हौद. हात जोडले न् गेले माघारी. आन् त्याच दिशी नापास!"

लीलाबाईनं ते मनात ठेवलं. तानुबाई निघाली तेव्हा बाहेर हैबतरावांची जीप थांबलेली दिसली. हैबतराव जीपमधूनच हसून म्हणाले, "काय तानुबाई, विचार झाला का म्हशींचा?"

तानुबाई तशीच पुढं चालू लागली. आणि लीलाबाईच्या मनात आलं, ज्याला म्हशी हव्यात त्याला तिसरा सोमवारही हवाच असणार.

३

तिनं आधी भिवाजीला गाठलं. तो एस.टी. स्टँडवर रिकाम्या कॅनवर बसून विडी ओढत होता.

"भिवाजी, खरं सांग. वाटंत कॅन उघडतोस?"

"उघाडतो की," भिवाजी बिनधास्त म्हणाला. "कोळवणात च्यावाल्याला कपभर देतो, तो मला फुकाट च्या देतो. तानुबाईला ठावं हाय."

"आन् कपभर पानी घालतोस?"

"आईच्यान न्हाई! काचंचा तो तरंगता खिळा घालून बघत्यात की साहेब रोज. पानी आसतं तर तो बुडाला न्हाई का आसता?"

ते खरं होतं. त्या खिळ्याची, म्हणजे लॅक्टोमीटरची, खूण वाड्याच्या दुधात दर वेळी जागेवर होती. उलट घोटावड्याच्या दोन कॅनमध्येच ती कधीमधी खाली जाई आणि त्याबद्दल कुणी बोलत नसे.

"एस.टी.च्या टपावर ऊन लागत आसंल."

"कार्तिकात? सकाळी आठला? आक्का, तितं माजी बोटं वाकडी व्हत्यात गारठ्यानं."

भिवाजी सुटला. मग राहिला गेणबा. गेणबा केंद्राचा शिपाई: नळ्या भरायच्या, बुचं लावायची, हौदात ठेवायच्या, बटणं दाबायची, सगळं त्याच्याकडं. साहेब पलीकडच्या खोलीत वजन-मापात असत, मधूनमधून येऊन उष्णतामापक बघून जात. गेणबा मऊ माणूस. मुंगी दिसली तर पाय उचलून टाकणारा.

"गेणबा, वाड्याच्या नळ्या तू नीट धुतलेल्याच घेतोस ना?"

"तूच धुतीस की लीलाक्का. तुझं तुला ठावं."

"तसं न्हवं. वाड्याच्या नळ्यांस्नी काय येगळं करतोस का?"

गेणबाचा चेहरा उतरला. "मी? मी तर उलट त्याच जपून ठेवतो. लई जपून." आणि तो चुना आणायला म्हणून निघून गेला. त्याच्या पिशवीत चुना होता. लीलाबाईनंच सकाळी त्याला दिला होता.

माणूस खोटं बोलायला लागला की आधी चुना संपतो, असं तिला वाटून गेलं. पण गेणबानं वाड्याचं वाईट का करावं? हैबतरावांनी त्याला काही सांगितलं असेल का?

४

उत्तर तिला चुलीपाशी सापडलं. तिला बहुतेक गोष्टी तिथंच सापडत.

शनिवारी ती कासार आंबोलीच्या घरी भाकऱ्या भाजत होती. लाकूड ओलं होतं, जाळ एकाच बाजूला पेटला होता. जाऊबाई दारात आली म्हणून ती दोन शब्द बोलली, तेवढ्यात तव्यावरची भाकरी जाळाकडच्या बाजूनं काळी आणि दुसऱ्या बाजूनं कच्ची राहिली.

"फिरवली न्हाई का?" जाऊ म्हणाली.

लीलाबाई भाकरीकडं बघतच राहिली.

झाकणाचा एकच कोपरा गळतोय. कांडी त्याच कोपऱ्यात आहे. वाड्याच्या नळ्या त्याच कोपऱ्यात आहेत. उष्णतामापक आहे तिकडं खिडकीला, आणि थर्मोस्टॅटही तिकडंच. त्या बिचाऱ्यांना जेवढं कळतं तेवढंच ते सांगणार: इथं सदतीस आहे, सगळं झकास आहे. या टोकाला काय चाललंय ते त्यांनी कधी बघितलंच नाही.

आणि ऊन जागेत दूध लवकर बिघडतं, हे सांगायला साहेब लागत नाही. वाड्याच्या नळ्या धुताना या दोन्ही सोमवारी तळाला घट्ट दह्याचा गोळा निघाला, काडीनं खरवडावा लागला. बाकीच्या नुसत्या पाण्यानं निघाल्या.

पण मग पंखा? पंखा पाणी ढवळतो तो यासाठीच ना? भाकरी फिरवावी तसं पाणी फिरवायला?

पंखा फिरतोय की नाही हे झाकणामुळं दिसत नव्हतं. आणि ऐकूही येत नव्हतं, कारण भिंतीपलीकडं पिठाची गिरणी सकाळपासून दुपारपर्यंत अशी धडधडे की माणसाला स्वतःचा खोकला ऐकू येऊ नये.

सोमवारी झाकण उघडून बघता आलं असतं. पण बघून काय? बाईमाणसानं, तेही नळ्या धुणारीनं, 'साहेब, तुमची परीक्षा चुकली' म्हणायचं? ते म्हणाले असते, दोन सोमवारचा निकाल शाईनं लिहिलाय. शाईपुढं लीलाबाई काय?

निकालाला निकालानंच उत्तर द्यायला हवं होतं.

५

तिसऱ्या सोमवारी केंद्रात सगळे हजर होते. हैबतराव खुर्चीवर. तानुबाई उंबऱ्याबाहेर. भिवाजी तिच्यामागं. गेणबानं नळ्या भरल्या, चार स्टँडवर सात-सात रचल्या. पहिला स्टँड घोटावड्याचा, चौथा वाड्याचा.

"साहेब," लीलाबाई म्हणाली, "आज रांग उलटी लावू का? वाडा खिडकीला, घोटावडं कोपऱ्यात."

ढमाले साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "कशासाठी? पद्धत ठरलेली आहे."

"म्हनजे नाव कापल्यावर वाड्याला म्हनायला जागा नगं ऱ्हायला, की आमास्नी कोपऱ्यात बसवलं. बोलतील ती मानसं."

"बाई, जागेनं दूध बिघडतं का कधी?" हैबतराव हसले.

"तेच मी म्हन्ते, अण्णा. तुमच्या दुधाला कोपऱ्याची काय भीती?"

"भीती? आमच्या दुधाला?" हैबतरावांच्या मिशा हलल्या. "ठेवा हो ढमाले, चुलीत ठेवा पायजे तर! चार तास निळं न्हाई ऱ्हायलं तर हैबतराव नाव सांगनार न्हाई."

चेअरमनच म्हणाले, मग साहेबांचा प्रश्न मिटला. गेणबा मात्र घुटमळला. "वाडा… खिडकीला?" त्यानं विचारलं, आणि मग स्टँड अदलाबदल करून ठेवले. झाकण पडलं. लीलाबाईची नजर त्याच्यावर होती. तो भिंतीवरच्या बटणांपाशी गेला, एक दाबलं, दुसऱ्यापाशी थांबला, आणि हात मागं घेतला.

तासाभरानं साहेबांनी झाकण किलकिलं केलं. सगळ्या निळ्या.

सव्वा तासानं पुन्हा उघडलं. हैबतराव चहा पीत होते. साहेबांनी लगेच झाकण लावलं, पण त्यांची मान ताठ झाली होती.

पावणेदोन तासांनी त्यांनी झाकण पूर्ण उचललं आणि बाजूला ठेवलं.

खिडकीकडं वाड्याच्या सातही नळ्या निळ्या होत्या. कोपऱ्यात घोटावड्याच्या सातही पांढऱ्याफटक.

६

हैबतरावांचा कप बशीत आदळला. "हा दगा हाय! नळ्या बदलल्या!"

"तुमच्यासमोरच ठेवल्या, अण्णा," लीलाबाई म्हणाली. "साहेब, तो उष्णतामापक जरा हिकडं कोपऱ्यात धरा."

साहेबांनी धरला. पारा चढला. अडतीस, चाळीस, बेचाळीस. चव्वेचाळीसावर थांबला. त्यांनी तो खिडकीकडं नेला, सदतीसावर उतरला. पुन्हा कोपऱ्यात नेला, पुन्हा चव्वेचाळीस. ते तिसऱ्यांदाही नेणार होते, पण मग खालीच बसले.

"पंखा बंद आहे," ते हळूच म्हणाले.

"बंद हाय," लीलाबाई म्हणाली. "म्हून कांडीपाशी ऊन पानी तितंच ऱ्हातं. खिडकीशी पोचतच न्हाई, मंग थर्मोस्टॅट कांडी बंद का करंल? आन् दाराशी बसनारं दूद नासतं. वाड्याचं व्हतं तवा वाड्याचं नासलं, आज घोटावड्याचं."

साहेबांचे डोळे आधी हैबतरावांकडं गेले. म्हशींची गोष्ट तालुक्याला ठाऊक होती. "पंखा बंद करायला कुणी सांगितलं? चेअरमनसाहेब, तुम्ही?"

"मी? मला ह्यो पंखा हाय हेच आज कळतंय!"

"अण्णांनी न्हाई," लीलाबाई म्हणाली. "त्यांनी बंद करवला आसता तर सोताच्या नळ्या तितं ठिवायला कशाला मिशा पिळल्या आसत्या?"

हैबतराव काहीतरी म्हणणार होते, पण लीलाबाईचं बोलणं आपल्याच बाजूचं आहे हे उशिरा ध्यानात येऊन त्यांनी कप पुन्हा उचलला.

"मग कोण?"

लीलाबाईला उत्तर माहीत होतं. ते मोठ्यानं म्हणायचं मन होत नव्हतं. पहिला महिना पास. तानुबाई स्वतः आली त्या सोमवारपासून नापास. हौदापुढं तिनं हात जोडले होते. पण बिनशेंदराच्या तांब्याच्या भांड्यापुढं कुणी हात जोडत नाही. हात माणसापुढं जोडतात. आणि त्या वेळी हौदापाशी माणूस एकच होता.

"मी केला बंद," गेणबा म्हणाला. भिंतीकडं तोंड करून म्हणाला.

७

ते सगळं बाहेर यायला वेळ लागला, कारण गेणबा रडत होता आणि गिरणी धडधडत होती.

त्या सोमवारी तानुबाईनं पहिल्यांदा हौद उघडा पाहिला. तिच्या दुधाच्या शेजारी पाण्यात पातं गरगर फिरत होतं. तिच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या एक शिस्त: उबेला ठेवलेल्या दुधाजवळ रवी फिरवायची नाही. दूध हललं की बिघडलं. ती घाबरली. गेणबापुढं हात जोडून म्हणाली, दादा, आमच्या दुधापाशी ही रवी नगं, लई लांबनं आलंय बिचारं, त्याला निवांत ठेव.

"साहेब पण सांगतात की, निळ्या नळ्या हलवायच्या न्हाईत," गेणबा म्हणाला. "मला वाटलं, खरंच हाय. पंखा कशाला पायजे. त्या दिवसापास्नं न्हाई लावला. आन् दूद नापास व्हयाला लागलं तसं मला आनखी वाटलं, अजून जपाय पायजे. आज अण्णांच्या नळ्या तितं ठेवल्या तवा बटन दाबावं वाटलं. पर एकाला एक, दुसऱ्याला एक कसं करू?"

लीलाबाईला हसू आलं आणि वाईटही वाटलं. साऱ्या केंद्रात वाड्याचं वाईट चिंतणारा एक होता, आणि त्यानं काहीच केलं नव्हतं. भलं चिंतणारा एक होता, त्यानं सगळं केलं होतं.

ढमाले साहेबांनी भिंतीवरचं दुसरं बटण स्वतः दाबलं. पाणी थरथरलं आणि फिरू लागलं. मग त्यांनी रजिस्टर उघडून मागच्या दोन सोमवारच्या निकालांवर आडवी रेघ मारली आणि कडेला सही केली. शाई वाळेपर्यंत ते तिच्याकडं बघत होते.

"मीही एकाच टोकाला मोजत राहिलो, लीलाबाई."

"आता दोन्हीकडं मोजा," ती म्हणाली. याहून जास्त बोलणं तिला बरं वाटलं नसतं.

"धनगरवाडा पास. पण गेणबा," साहेबांनी कोरा कागद पुढं घेतला, "हे मला वर कळवावं लागेल. साधनात परस्पर फेरफार. तुझी नोकरी राहील असं मी सांगू शकत नाही."

तानुबाई अजून उंबऱ्याबाहेरच उभी होती. आतलं तिला अर्धंच कळलं होतं. "पास म्हनले न्हवं?" तिनं विचारलं. "मंग केलं कुनी हे?"

लीलाबाई बाहेर आली. दोन वाक्यांचं खोटं जिभेवर तयार होतं: यंत्र बिघडलं होतं, दुरुस्त झालं. म्हातारी आनंदानं डोंगर चढली असती. पण जिनं सहा घरं शब्दावर खाली आणली तिला पोरासारखं भुलवायचं, हे काही खरं नव्हे.

तिनं सगळं सांगितलं. कांडी, पंखा, कोपरा. आणि हात जोडले ते.

तानुबाईनं पदर नीट खोचला. मग ती उंबरा ओलांडून आत आली, पहिल्यांदाच साहेबांच्या टेबलापाशी उभी राहिली आणि त्या कोऱ्या कागदावर तिनं आपला खरबरीत तळहात ठेवला.

"ह्याला काय करू नका, साहेब," ती म्हणाली. "डोंगरावरनं खाली येऊन आमी लई जनांपुढं हात जोडले. ऐकलं ते ह्या एकानंच."

साहेबांनी टाक उचलला नाही. तिनंही हात उचलला नाही, जोवर त्यांनी दौतीला टोपण लावलं नाही तोवर.